घोडीवरची शायना

न्हावऱ्याच्या माळावर शूटिंग लागणार हे कळल्यावर शायनानं पहिला फोन दौंडला, वडिलांना केला.

"अब्बा, ह्या टायमाला घोडीवर मीच बसणार हाय. आन् तोंडबी माझंच दिसणार. दोन्ही एकदमच. येताय का बघायला?"

वजीरभाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. ते कधीच देत नसत. टांगेवाल्याला भाडं ठरवताना गप्प बसायची जी सवय लागते, ती टांगे बंद पडून इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. मग म्हणाले, "येतो."

शायनानं फोन ठेवला आणि ती आपल्या मुंबईतल्या फ्लॅटमध्ये उभ्या उभ्या हसली. ते हसू दाखवावं असं घरात कुणी नव्हतं. लग्न एकदा झालं होतं, ते काही टिकलं नाही. स्वयंपाकाची बाई सकाळीच येऊन गेली होती. शायनानं दोन माणसांचा चहा केला, का कोण जाणे, आणि दोन्ही कप स्वतःच प्यायली.

त्या "येतो"ची किंमत कळायची तर थोडं मागचं सांगायला पाहिजे.

वजीरभाई दौंड स्टेशनवर टांगा चालवायचे. घोडीचं नाव शेवंती. रविवारी सकाळी शेवंतीला भीमेवर धुवायला न्यायचं काम शायनाकडं असे, आणि जाताना ती घोडीला धरून चालत जाई ही फक्त तिच्या आईची, हमीदाची, समजूत. स्टेशनचा रस्ता संपला की पोरगी घोडीवर. जीन नाही, रिकीब नाही, नुसती पाठ. वजीरभाईंना हे ठाऊक होतं, कारण शिकवलं त्यांनीच होतं. त्यांचं एक खास तंत्र होतं. घोडी पळायला लागली की डावा खांदा जरासा खाली सोडायचा, म्हणजे घोडीला कळतं की वर बसलेलं माणूस भ्यालेलं नाही. याला शास्त्रात काही आधार असेल असं वाटत नाही. पण शेवंतीचा त्यावर विश्वास होता, आणि शेवटी पळायचं तिलाच होतं.

पुढं एका ऐतिहासिक चित्रपटाचं युनिट त्या बाजूला आलं. नायिका नाजूक. घोड्याचा वास आला की तिला शिंकांवर शिंका. शिंकणारी राणी कुठल्या किल्ल्यावर चाल करून जाणार? कुणीतरी टांगेवाल्याच्या पोरीचं नाव सांगितलं. शायनाला नऊवारी नेसवली, डोक्यावरून शेला घेतला, आणि तिनं घोडा असा काही पळवला की युनिटमधल्या लोकांनी शिट्ट्या घातल्या. ती डुप्लिकेट झाली. या धंद्यात डुप्लिकेटला अंग असतं, तोंड नसतं.

चित्रपट दौंडच्या टॉकीजला लागला तेव्हा वजीरभाईंनी स्टँडवरच्या सगळ्या टांगेवाल्यांना नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बाल्कनीची तिकिटं काढली. पडद्यावर राणी दौडत आली, डावा खांदा खाली, आणि वजीरभाई ताडकन उभे राहिले. "ही माझी शायना! अरे, ही माझी शायना हाय!" सगळी टॉकीज वळून बघायला लागली. तेवढ्यात राणीनं घोडा थांबवला, शेला बाजूला केला, आणि पडदाभर दिसली ती नायिका. गोरीपान, घारी, पावडर लावलेली. मग जे हशे उसळले, ते काही त्या टॉकीजपुरते राहिले नाहीत. पुढं कित्येक वर्षं स्टँडवर त्यांना कुणीही विचारायचं, "काय वजीरभाई, राणीसाहेब बऱ्या हायत ना?"

त्या दिवसापासून वजीरभाईंनी शायनाचा एकही चित्रपट पाहिला नाही.

आणि पुढं तोंड दाखवायच्या भूमिका मिळायला लागल्यावर तिनं काय काय केलं नाही! डोक्यावर दह्याची पाटी घेऊन शत्रूच्या छावणीत शिरणारी हेर झाली. बुरूज लढवणाऱ्या सरदाराची बायको झाली. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की हिचं नाव शायना आहे, आणि लागोपाठ बेगमा तिच्या पदरात पडल्या. पडद्याआड बसून सुरमा घातलेल्या डोळ्यांनी कट शिजवणाऱ्या. त्या बेगमा जी उर्दू बोलत, ती शायनाच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. घरात मराठी आणि दखनीची अशी काही मिसळ चाले की दोन्हीकडचे पंडित कानावर हात ठेवतील. ती खानदानी उर्दू तिला पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका मास्तरांनी शिकवली.

बेगमांचा भर ओसरल्यावर हाणामारीचे चित्रपट आले. वाळू उपसणाऱ्यांना नदीपात्रात लोळवणारी इन्स्पेक्टर ती झाली. पुढच्याच वर्षी ती वाळू उपसणाऱ्यांचीच ताई झाली आणि त्याच नदीपात्रात दुसऱ्या इन्स्पेक्टरकडून लोळवली गेली. तलवारीनं मेली, विषानं मेली, जीपखाली मेली. लोक रस्त्यात ओळखायचे, फोटो काढून घ्यायचे. कुणी राणीसाहेब म्हणायचं, कुणी मॅडम, कुणी नुसतंच त्या चित्रपटातलं वाक्य तोंडावर फेकायचं. तिला शायना म्हणून हाक मारणारी आई गेली. भाऊ इरशाद आपा म्हणायचा. नावानं हाक मारणारं एकच माणूस राहिलं होतं, आणि ते माणूस तिचं काम बघत नव्हतं.

एकदा ईदला तिनं धीर करून विचारलं होतं, "अब्बा, आता तर पडद्यावर तोंड माझंच असतंय. आता का न्हाई बघत?"

"तू रडतीस, भांडतीस, ते मी घरी बघितलंय की," वजीरभाई म्हणाले. "त्यात नवं काय? घोडीवर बसलीस की सांग."

तिथंच तर घोडं अडलेलं होतं. ज्या दिवशी शायनाच्या तोंडाला भाव आला, त्या दिवसापासून तिचं अंग जपायला सुरुवात झाली. हात मोडून शूटिंग थांबलं तर नुकसान कोण सोसणार? तिच्यासाठीही डुप्लिकेट यायला लागल्या. घोड्यावर जन्म काढलेल्या बाईनं झाडाखाली खुर्चीत बसायचं आणि कुठल्यातरी अवघडलेल्या पोरीला तिच्या नावानं दौडताना बघायचं. अंग होतं तेव्हा तोंड नव्हतं, तोंड आलं तेव्हा अंग गेलं. बापाला दोन्ही एकत्र बघायचं होतं. मागणं काही फार नव्हतं, पण ते एकदाही पुरं करता आलं नव्हतं.

म्हणून या चित्रपटात तिनं अट घातली. भूमिका होती एका गढीच्या म्हाताऱ्या आईसाहेबांची. आईसाहेब एकट्या माळ ओलांडून दौडत येतात, थेट कॅमेऱ्यापुढं घोडी थांबवतात आणि तोंडावरचा शेला काढतात. न तोडता, एकाच शॉटमध्ये. दिग्दर्शक तरुण होता, हौशी होता, हो म्हणाला. एक गोष्ट मात्र शायनानं त्याला सांगितली नाही. मागल्या साली डुप्लिकेट न घेता, हट्टानं जीपमधून उडी मारताना तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं, त्यात धातूची पट्टी घातलेली होती, आणि डॉक्टरांनी घोड्याचं नावही काढू नका म्हटलं होतं.

दुरून दिसणाऱ्या दौडीच्या शॉट्ससाठी गावातलीच मुलगी घेतली होती, रश्मी. आमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळवतात. गावातल्या सोपानरावांची घोडी पळवायला ही रश्मी बसायची, आणि भलेभले तोंडात बोटं घालायचे. शूटिंगलाही तीच घोडी आणली होती. पोरगी धीट, पण बसायची ताठ, लाकडी. तिचे शॉट शायनाच्या शॉटला जुळायला हवेत म्हणून शायनानं तिला आदल्या दिवशी अख्खी दुपार शिकवलं.

"डावा खांदा सोड. अजून. असा."

"असा का, मॅडम?"

"घोडीला कळतं, तू भ्यालेली नाहीस."

"पर मी भ्यालीच न्हाई!"

शायना मनापासून हसली. कितीतरी दिवसांनी तिला कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत तो खांदा रश्मीच्या अंगात असा मुरला की लांबून शायनालाच चमकायला झालं. आपल्याजवळची एकुलती एक गोष्ट आपण देऊन टाकतोय असं काही तेव्हा तिच्या मनातही आलं नाही.

शूटिंगच्या दिवशी सकाळी ती तयार झाली. पांढरी नऊवारी, काळा शेला, केसांत पिकल्या बटा. स्टुलावर चढून तिनं घोडीवर पाय टाकला. कंबरेत कळ आली ती तिनं गिळली. मग घोडीनं नुसतं एक पाऊल बाजूला टाकलं. फार काही नाही, माशी बसली असेल. आणि शायनाची बोटं आयाळीत रुतली ती सुटेनात. माळ, माणसं, आभाळ, सगळं तिरकं झालं.

"उतरवा मला," असं कुणीतरी ओरडलं. तो तिचाच आवाज होता.

दोघांनी धरून उतरवलं. सगळ्यांनी अगदी सभ्यपणे दुसरीकडं माना वळवल्या. त्या सभ्यपणानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाड मोडलं होतं ते जुळलं होतं, पण मोडलेलं दुसरंच काहीतरी होतं आणि त्याचा फोटो कुठल्या डॉक्टरनं काढलाच नव्हता.

"काही हरकत नाही, मॅम," दिग्दर्शक म्हणाला. "तोडून घेऊ. रश्मी येईल दौडत, थांबेल. तुमच्या तोंडाचा क्लोज आपण टेम्पोवर घेऊ."

प्राची म्हणून एक सहायक दिग्दर्शिका होती, हातात वॉकीटॉकी, कामाला वाघीण. तिनं लगेच सूत्रं हलवली. रश्मीला आईसाहेबांचे कपडे चढवले. रश्मीच्या आईला, जाईबाईला, बाजूला घेऊन बजावलं की पोरीचं नाव कुठं घ्यायचं नाही. हा या धंद्यातला जुना शिरस्ता. चित्रपटाच्या जाहिरातीत शायना स्वतः घोडेस्वारी करते असं जाणार होतं, आणि माळावर बघायला जमलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन होता.

"आणि मॅम, तुम्ही प्लीज व्हॅनमध्येच थांबा. दोघी एका कपड्यांत एकत्र दिसल्या तर संपलंच."

शायना व्हॅनमध्ये बसली. इरशादला फोन लावून येऊ नका म्हणावं असं तिच्या मनात आलं. तिनं नंबर काढला, बघत बसली आणि फोन उपडा ठेवला. कोणत्या तोंडानं सांगणार? आले की सांगू, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, आणि अशा समजुती माणूस कशासाठी घालतो हे सगळ्यांनाच माहीत आहे.

इरशाद कुरकुंभच्या केमिकल कंपनीत होता. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी तो वडिलांना मोटरसायकलवर मागं बसवून चौफुला, पारगाव करत घेऊन आला. व्हॅनच्या खिडकीचा पडदा बोटभर सारून शायनानं पाहिलं. वजीरभाईंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दाढी नीट केली होती. डोळ्यांत सुरमाही होता, तो ते फक्त ईदला घालत. बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडं गावकरी बसले होते. त्यांनी म्हाताऱ्या माणसाला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. वजीरभाई खुर्चीत मागं टेकले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढं वाकून बसले. त्यांच्या बाजूला खाली जमिनीवर जाईबाई बसली होती. कांदा काढणीचा खाडा करून आली होती, आणि तिच्या तळव्यांची माती अजून निघालेली नव्हती.

आता जायला पाहिजे, शायना मनाशी म्हणाली. आता जाऊन सांगायला पाहिजे.

"रोलिंग!" बाहेर आरोळी झाली. माळ चिडीचूप झाला.

लांब टेकाडामागून धुरळा उठला आणि घोडी आली. काय आली! जमिनीला पाय लावल्या न लावल्यासारखी. वर आईसाहेब, शेला फडफडतोय, आणि डावा खांदा खाली.

वजीरभाई उभे राहिले. खुर्ची मागं कलंडली.

"ही माझी शायना!" त्यांचा आवाज सगळ्या माळावर गेला. "बघा रं, ही माझी शायना हाय!"

शॉट बिघडला असेल, पण दिग्दर्शकानंही थांब म्हटलं नाही. या वेळी कुणी हसलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "चाचा, लेक तुमची व्हय? जबरी!" कुणीतरी त्यांचे हात हातात घेतले. वजीरभाईंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. व्हॅनमध्ये शायनानं खिडकीला कपाळ टेकवलं. याच हाकेसाठी तिनं सगळा जन्म काढला होता. तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, इतका आनंद तिला कुठल्या बक्षिसानं झाला नव्हता. घोडीवर आपण नाही, हे तिच्या ध्यानात यायलाही मध्ये एक क्षण जावा लागला.

घोडी लांबवरच, कॅमेऱ्यापुढं थांबली होती. आईसाहेबांच्या तोंडावरचा शेला तसाच.

"अवो चाचा," खालून जाईबाई म्हणाली. तिला राहवलं नाही. "ती माझी रश्मी हाय."

"कोण?"

"माझी लेक. रश्मी. घोडीवर तीच हाय."

आजूबाजूला खसखस पिकली. "ए बाई, ऊन लागलं काय? हिरोईन हाय ती." "हिची रश्मी म्हनं आईसाहेब!" जाईबाईनं इकडं तिकडं पाहिलं. मग तिला प्राचीनं बजावलेलं आठवलं असावं. बोलून चुकल्यासारखा तिनं तोंडाला पदर लावला.

वजीरभाई तिच्याकडं वळले. रागानं नव्हे, दयेनं. "बाई, मी माझी पोर वळखनार न्हाई व्हय? तोंड झाकलं तरी वळखीन. तो खांदा माझा हाय. मी शिकवलाय."

आणखी जोरात हसले लोक. मान खाली घालून जाईबाई हाताची माती नखानं खरवडत राहिली. आणि खिडकीच्या त्या बोटभर फटीतून शायनाला बापाचं तोंड दिसत होतं, उजळलेलं, दहा वर्षांनी तरुण झालेलं. गप्प बसली तर ते तसंच राहणार होतं. दौंडला जाऊन ते सगळ्यांना सांगणार होते. मरेपर्यंत सांगत राहणार होते. कुणाचं काय बिघडणार होतं? एका कांदे काढणाऱ्या बाईचं. बाकी कुणाचंच नाही.

शायना व्हॅनचं दार उघडून उतरली.

"मॅम, नको!" प्राची धावली. "मॅम, प्लीज, सगळे बघतायत!"

ते खरंच होतं. सगळे बघत होते. पांढरी नऊवारी, काळा शेला, पिकल्या बटा. एक आईसाहेब घोडीवर आणि एक पायी, कंबर सांभाळत चालत येणारी. दोरीपाशी शायना थांबली.

"अब्बा, मी हितं हाय," ती म्हणाली. "घोडीवर ह्यांची रश्मी हाय. ह्या बरोबर सांगत हुत्या."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्याला वाट मिळाली. आता ते जाईबाईला हसत नव्हते. "चाचा, लेकच बदलली की तुमची!" इरशादनं हसणाऱ्याच्या अंगावर धाव घेतली, पण वजीरभाईंनी हात करून त्याला थांबवलं. ते एकदा घोडीकडं बघत होते, एकदा शायनाकडं. ज्या माणसाला एकदा भर टॉकीजमध्ये तोंडघशी पडावं लागलं, त्याला तिनं आज स्वतःच्या तोंडानं पुन्हा पाडलं होतं. दुसरा काही मार्ग तिला दिसला नव्हता, आणि नव्हताही.

"मग तिच्याकडं खांदा कसा?" वजीरभाईंनी विचारलं.

"मी शिकवला. कालच."

"आन् तू?"

"माझ्यानं न्हाई बसवत आता, अब्बा. सकाळी बसले हुते. घोडी जराशी हालली आन् मी वरडले. भ्याले."

हे तिनं अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, स्वतःलाही नीट नाही. बाप आता चिडेल, निदान एवढं तरी विचारेल की मग मला कशाला बोलावलंस, याची ती वाट बघत राहिली. वजीरभाईंनी कलंडलेली खुर्ची सरळ केली.

"भ्यालीस तर न्हाई बसायचं," ते मऊपणानं म्हणाले. "पडली असतीस. बरं केलंस."

आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. विग होता, त्यामुळं तो हात तिला नीट कळलाही नाही. एवढ्यावर विषय संपला. इतकी वर्षं जे मागणं त्यांनी धरून ठेवलं होतं, ते त्यांनी तिथं, त्या माळावर, अगदी सहज सोडून दिलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग ते जाईबाईकडं वळले. "बाई, चुकलं माझं. मला वाटलं..."

"असू द्या वो, चाचा," जाईबाई म्हणाली. "तिचा बा असता तर तोबी असाच वरडला असता."

"चांगली बसती तुमची पोरगी," वजीरभाई म्हणाले. "पर लगाम लई आवळून धरती. तोंड फाटंल घोडीचं." आणि दोरी उचलून, वाकून ते पलीकडं गेलेही. इरशादनं घड्याळाकडं बघितलं. पाळीची वेळ होत आली होती. पण वडिलांच्या मागं जायचं त्याला धाडस झालं नाही.

"मॅम, क्लोज घ्यायचाय," प्राची हळूच म्हणाली. "ऊन सरकतंय."

टेम्पोच्या हौद्यात एक पिंप आडवं बांधलं होतं आणि त्यावर जीन चढवलं होतं. शायना त्यावर बसली. दोन माणसं दोन बाजूंनी ते पिंप वरखाली हलवायला लागली, तिसऱ्यानं पुठ्ठ्यानं वारा घातला म्हणजे शेला उडावा. पडद्यावर हे झकास दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, घोडी नुकती थांबलीय, धापा टाकतेय. कॅमेऱ्याच्या काचेपलीकडं तिला माळ दिसत होता. माळावर रश्मी घोडीवर बसली होती, शेला तोंडावरून काढलेला, आणि वजीरभाई घोडीच्या मानेशी उभे राहून तिच्या मुठीतला लगाम सैल करत होते. काहीतरी सांगत होते. पोरगी काहीतरी उलट बोलली असणार, कारण म्हातारा मान मागं टाकून हसला. हे हसणं शायनानं शेवटचं भीमेच्या काठावर ऐकलं होतं. एवढ्या लांबून ते ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

"मॅम, नजर कॅमेऱ्याच्या डावीकडं. हां. आईसाहेब गढी बघतायत. आता शेला काढा."

तिनं शेला काढला. पुन्हा एकदा, म्हणाले. तिनं पुन्हा काढला. पिंप एका बाजूला जास्त हलतं म्हणून ते नीट बांधलं, मग पुन्हा. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा कॅमेरा चालू होता आणि आईसाहेबांना वळून बघायची परवानगी नव्हती.

सगळं आटोपून ती खाली उतरली तेव्हा गर्दी पांगली होती. जाईबाई एकटी दोरीपाशी थांबली होती, पोरीची वाट बघत. शायनाला बघून ती पदर सावरत उठली.

"ताई, चाचा गेलं. भावाला कामावर जायचं हुतं," ती म्हणाली. चेहरा नुसता फुलला होता. "पर परत येतो म्हनलं. बुधवारी. एस्टीनं येतो म्हनलं, येकटं. रश्मीला अजून लई शिकवायचं हाय म्हनलं."

"न्हावऱ्याला? एकटे?"

"व्हय की. म्या म्हनलं, चाचा, जेवायलाच या मग. तर व्हय म्हनलं."

शायनानं मान हलवली.

"माझ्यासाठी काही निरोप ठेवला?"

जाईबाई सरळ बाई होती. खोटं बोलायचं तिच्या मनातही येईना. ती खरंच आठवून बघू लागली, कपाळाला आठ्या घालून, काही राहून गेलंय का म्हणून.

"न्हाई वो ताई," ती म्हणाली. "घोडीचंच बोलत हुतं." मग तिला काय वाटलं कोण जाणे, पुढं होऊन तिनं शायनाचा हात धरला. "तुमीबी या ना बुधवारी. असाल न्हवं तवा?"

शायनाचं या चित्रपटातलं काम आजच्या त्या शॉटनं संपलं होतं. गाडी रस्त्यावर उभी होती आणि ड्रायव्हर बॅगा भरत होता. "बघते," ती म्हणाली, आणि अंगावरचे आईसाहेबांचे कपडे परत करायला व्हॅनकडं गेली.